घडीभर बसा

भाऊकाकांच्या घरी जाऊन "घडीभर आलो" म्हणणारा माणूस फसलाच. काका मुकाट्याने उठत, घंगाळात पाणी भरत आणि बुडाला बारीक भोक असलेली एक तांब्याची वाटी त्यावर सोडत. वाटी भरून बुडेपर्यंत पाहुण्याने उठायचं नाही.

"घडीभर म्हटलं ना तुमी? मंग बसा घडीभर."

अमरावतीत आमची दारं समोरासमोर होती. आता काका अकोल्याला लेकीकडे असतात आणि त्यांच्या दाराला कुलूप आहे. ते मला बघवत नाही. एरवी या माणसाने माझं डोकं काही कमी खाल्लं नाही.

वाटी त्यांच्या आजोबांची. पूर्वी लग्नघरी मुहूर्त गाठायला ती पाण्यात सोडत. बुडाली की एक घटका भरली. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यावर काका शेतीबिती सोडून 'घडी' या एका शब्दाच्याच मागे लागले.

"घट म्हंजे भांडं. लहान घट ते घटिका, अन् घटिकेची झाली घडी. भांड्याचं नाव येळेले पडलं, मनगटावरच्या यंत्रालेबी तेच. साठ पळांची एक घडी, म्हंजे चोवीस मिनिटं. अन् तुमी घडीभर म्हंता अन् दोन मिनिटात पयता. काहून? शब्द काय फुकट आले का?"

एकदा ऐन मे महिन्यात वायरमन म्हणाला, "काका, घडीभर लाइट बंद करतो." त्याचं काम पाच मिनिटांत उरकलं, पण काका मेन स्विचला हात लावू देईनात. वायरमन आणि मी घामाने निथळत त्या वाटीकडे बघत बसलो. परतवाड्याची बस चुकलेले पाहुणे तर मी कितीतरी पाहिले. बस चुकली की काका खुशीत पिठलं टाकायचे आणि मलाही हाक मारायचे. काकू गेल्यापासून हा प्रकार फारच वाढला होता.

मग एका शनिवारी लेकीचा, माधुरीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिवश्याला लग्न होतं. जाता जाता घडीभर येते म्हणाली. दिवाळीनंतर ती आलीच नव्हती. रविवारी सकाळपासून काकांचं घर झाडणं चाललं होतं. वाटी चिंचेने लख्ख घासता घासता मला म्हणाले, "हिच्या लग्नात हेच वाटी सोडली होती म्या. बुडाली, अंतरपाट सरला, अन् पोरगी गेली."

माधुरी आली. जावई "उशीर होते" म्हणत गाडीतच बसले. काकांनी वाटी सोडली. मीही चहाला होतोच. चहा झाला, चिवडा झाला, बाहेर दोनदा हॉर्न वाजला, तरी वाटी आपली तरंगतेच आहे. आणि काका, जे कधी वाटीवरची नजर हलवत नसत, ते भिंतीकडे बघून लेकीला निमिषाचा अर्थ सांगत होते. "निमिष म्हंजे पापणी लवते ना, तेवढाच येळ..."

मला शंका आली. मी वाकून पाहिलं. वाटीतल्या भोकावर कणकेचा गोळा दाबून बसवला होता.

मान वर केली तर माधुरीही तिकडेच बघत होती. काकांच्या नखांत वाळलेली कणीक होती. त्यांनी हात धोतराखाली घेतले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

माधुरी उठली. आता निघते की काय, असं मला वाटलं. ती दाराशी गेली आणि म्हणाली, "अहो, गाडी सावलीत लावा अन् तुमीबी आत या. बाबाची वाटी बुडायची हाये अजून."