सोळा बाय चौदाची खिडकी

"उद्या हा खटला मी खिशात घातला म्हणून समज!" रविवारी सकाळी बॅरिस्टरसाहेबांनी चहाचा कप बशीवर असा आपटला, की बशी वाचली हेच नवल.

"मागच्या रविवारीही खिशातच घातला होतात," त्यांची पत्नी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाली. बत्तीस वर्षं तिनं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. निवृत्त झाली तरी सारी गल्ली तिला सिस्टरच म्हणे, आणि खुद्द बॅरिस्टरसाहेबसुद्धा घाबरले की सिस्टरच म्हणत.

साहेबांचा दरारा मात्र मोठा होता. चौतीस वर्षं खुनाचे खटले लढवलेला माणूस! कोर्टात उभे राहून त्यांनी नुसता घसा साफ केला, तरी अर्धे साक्षीदार आपलं खरं वय सांगून मोकळे होत. पण या खटल्यानं त्यांची झोप उडवली होती.

अशील होता एक घड्याळजी. गलेलठ्ठ, गरीब स्वभावाचा, मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचा भागीदार डोक्यात घाव बसून मेलेला सापडला. पुढचं दार आतून बंद. मागची छोटी खिडकी उखडलेली. दोघांचं त्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं. मग काय! पोलिसांनी सांगितलं, यानंच मारलं आणि खिडकीतून पसार झाला. घड्याळजी पंधरा महिने कोठडीत होता, आणि साहेब भेटायला गेले की हळूच एवढंच म्हणायचा, "साहेब, मी नाही हो केलं ते."

साहेबांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता. आणि हीच पंचाईत होती. गुन्हेगाराचा खटला हरला तर वकिलाला वाईट वाटतं; निरपराध माणसाचा हरला तर जन्मभर घास घशाखाली उतरत नाही.

"खिडकी सोळा इंच रुंद आणि चौदा इंच उंच," साहेब खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "आणि माझा अशील चव्वेचाळीस इंच घेराचा! उद्या तपास अधिकाऱ्याला मी एकच प्रश्न विचारणार. या खिडकीतून हा माणूस जाईल का? संपलं!"

"आणि तो 'जाईल' म्हणाला तर?" सिस्टरनं पान उलटलं.

साहेब थबकले. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही, हे ते चौतीस वर्षं प्रत्येक नव्या वकिलाच्या डोक्यात भरवत आले होते. आणि स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं!

तेवढ्यात दारात चिमणी हजर झाली. चिमणी म्हणजे त्यांची कनिष्ठ वकील. बारीक अंगाची, मोठ्या चष्म्याची, आणि साहेब शिंकले तरी वेळ टिपून ठेवणारी. साहेबांनी तिच्याकडे टेप मागितला. आधी घरातल्या सगळ्या खिडक्या मोजल्या, मग स्वतःचं पोट.

"सर, न्हाणीघराची खिडकी सोळा बाय चौदा!" चिमणी आनंदानं ओरडली. "चौकटही तशीच, खरखरीत सिमेंटची! आणि तुमचं पोट..." इथं तिचा आवाज एकदम खाली गेला. "चव्वेचाळीस, सर."

"योगायोग," साहेब म्हणाले.

"योगायोग कसला, खाणं आहे ते," सिस्टर म्हणाली.

पाच मिनिटांत न्हाणीघरात प्रयोगाची तयारी झाली. साहेब अर्धी विजार आणि बनियन घालून स्टुलावर चढले. सिस्टरनं कपाळाला हात लावला. चिमणीनं वहीत तारीख घातली.

"मी मनापासून प्रयत्न करणार," साहेबांनी जाहीर केलं. "पोलीस मागे लागलेत असं समजून!"

त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले, डोकं काढलं, खांदे तिरके करून काढले, आणि एक जोरदार रेटा दिला. छाती गेली. पोट आलं. आणि पोट तिथंच राहिलं! बाटलीत दाबून बसवलेल्या बुचासारखे बॅरिस्टरसाहेब भिंतीत घट्ट बसले.

"अडकलो!" बाहेरून त्यांची आनंदानं चिरकलेली आरोळी आली. "चिमणे, लिही! अडकलो! निर्दोष! निर्दोष!!"

"दहा वाजून बारा मिनिटं," चिमणीनं लिहिलं. "सर अडकले."

नवऱ्याच्या पांढऱ्या पोटऱ्यांची जोडी हवेत नाचताना सिस्टर बघत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण माणसाला इतका आनंद झालेला तिनं लग्नातही पाहिला नव्हता.

खिडकी मागच्या गल्लीत उघडत होती. समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका नेमक्या तेव्हाच झाडांना पाणी घालायला बाहेर आल्या होत्या. भिंतीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला, हात पसरून "निर्दोष" म्हणून ओरडणारा शेजारी पाहून त्यांच्या हातातली झारी तशीच कलंडली.

"बॅरिस्टरसाहेब! तुम्ही आत जाताय की बाहेर येताय?"

"दोन्ही नाही, बाई!" साहेब गर्जले. "हाच तर मुद्दा आहे!"

"सिस्टर घरात आहेत ना?"

"आहे की! पाय धरून उभी आहे!"

आता सिस्टरनं खरोखरच त्यांच्या घोट्यांना धरलं होतं, कारण लाथेनं आरसा फुटायची वेळ आली होती. पण मुख्याध्यापिकाबाईंना ते कसं कळणार? त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पाय धरण्यापर्यंत वेळ आली?" त्या पुटपुटल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "सिस्टर! जायचंय तर जाऊ द्या त्यांना! तुम्ही काही कुणाचे पाय धरू नका! स्वाभिमान ठेवा!"

"काय म्हणतायत त्या?" आतून सिस्टर.

"तू स्वाभिमान ठेव म्हणतायत!" बाहेरून साहेब.

"तुम्ही आधी आत या, मग ठेवते!"

पण आत येणं जमेना. सिस्टर आणि चिमणी एकेका पायाला लोंबकळल्या. बनियन गोळा होऊन पोटाभोवती दोरासारखा आवळला, आणि साहेब पूर्वीपेक्षा घट्ट झाले. मग सिस्टरनं भांड्यांचा साबण आणला आणि हात जाईल तिथं चोपडला. काही उपयोग नाही. नुसता फेस झाला. वीस मिनिटं गेली. साहेबांच्या आवाजातली गर्जना कमी कमी होत गेली आणि तिच्या जागी बारीक कण्हणं आलं.

"चिमणे," ते म्हणाले, "आता लिहिणं थांबवलंस तरी चालेल."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. मुख्याध्यापिकाबाईंनी अग्निशामक दलाला फोन केला होता. लाल गाडी आली. चार जवान उतरले. मागून त्यांचा प्रमुख उतरला. मिशीवाला, शांत माणूस, जणू रोज सकाळी एखादा वकील भिंतीतून काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नव्हता.

"घरात घुसत होता?" त्यानं विचारलं.

"माझंच घर आहे!"

"मग पळून जात होता?"

"प्रयोग करत होतो!"

"असू दे," प्रमुख समजूतदारपणे म्हणाला. "सगळे असंच सांगतात. आता ऐका. ओढून कुणी मागे जात नाही, पुढेच यायचं. एक हात वर, एक हात अंगाला. कुशीवर वळा. सगळी हवा सोडा. सगळी! तुम्ही वकील आहात, अजून असेल."

साहेबांनी हवा सोडली. अंग वळलं. दोन जवानांनी खांद्याला धरलं, आतून सिस्टरनं तळव्यांवर रेटा दिला, आणि चार सेकंदांत, मोजून चार सेकंदांत, बॅरिस्टरसाहेब साबणाच्या वडीसारखे सुळकन बाहेर आले!

जवानांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सुस्कारा सोडला. चिमणी खिडकीतून डोकावली. आणि जवानांच्या हातांवर आडवे पडलेले साहेब तेवढे आभाळाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"गेलो," ते म्हणाले. "मी त्या खिडकीतून गेलो!"

"सगळेच जातात," प्रमुख म्हणाला. "डोकं आणि एक खांदा गेला की बाकीचा माणूस जातोच. जरा सोलवटतो, एवढंच."

पण ते शेवटचं वाक्य साहेबांच्या कानात शिरलंच नाही. त्यांना पिंजऱ्यातला घड्याळजी दिसत होता. एकच भक्कम मुद्दा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या पोटानं मोडून काढला होता!

दुपारी ते पलंगावर पालथे पडून राहिले. जेवले नाहीत. चिमणी कोपऱ्यात खटल्याच्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टर मलमाची डबी घेऊन आली आणि बनियन वर करताच थबकली.

"अहो, हे काय! दोन्ही कुशी खरवडून निघाल्यात. पाठीला ओरखडे, दंडाला ओरखडे. साबण लावला तरी ही दशा!" तिनं कापसानं पुसायला सुरुवात केली. साहेब कळवळले. "निदान दोन आठवडे जातील भरायला. त्या घड्याळजीला तर कुणी साबणही लावला नसेल. त्याची काय गत झाली असेल हो!"

"त्याला कुठं काय झालंय," साहेब उशीत तोंड खुपसून म्हणाले. "त्याला काहीच..."

वाक्य तिथंच थांबलं. साहेबांनी उशीतून तोंड काढलं. चिमणीनं त्यांच्याकडे बघितलं. आणि मग गठ्ठ्यातले कागद असे उडायला लागले, की जणू खोलीत वारं शिरलं होतं!

"सापडलं, सर!" चिमणीनं एक कागद उंच धरला. "अटकेनंतर डॉक्टरांनी तपासून दिलेला अहवाल! घटनेनंतर तीन तासांच्या आत! 'आरोपीच्या अंगावर कोणतीही ताजी जखम, खरचटणं वा ओरखडा नाही.'"

साहेब पलंगावरून उठले आणि सिस्टरला मिठी मारायला गेले.

"मलम!" ती ओरडली. "साडी खराब होईल!" पण बाजूला मात्र झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तपास अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभा होता. सरकारी वकिलांच्या ओठांवर हसू होतं. भिंतीतल्या बॅरिस्टरची बातमी त्यांच्या घरी दुपारच्या आतच पोचली होती, आणि आता साहेब खिडकीचा प्रश्न कसा विचारतात ते बघायला ते खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते.

साहेब सावकाश उठले. काळ्या कोटाखाली मलमपट्ट्या असल्यामुळे त्यांना वाकता येत नव्हतं, आणि त्यामुळे ते नेहमीपेक्षाही भारदस्त दिसत होते.

"आरोपी या खिडकीतून बाहेर पडला, असं तुमचं म्हणणं?"

"हो. एवढा माणूस जाऊ शकतो."

"मान्य!" साहेब म्हणाले.

सरकारी वकिलांचं हसू जागच्या जागी थिजलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"जातो, माणूस जातो," साहेबांचा आवाज खोल गेला. "पण कसा जातो, हे तुम्ही कधी तपासलं? चौकट कशाची आहे?"

"सिमेंटची."

"गुळगुळीत?"

"नाही. खरखरीत."

बाकीचं काम डॉक्टरांच्या साक्षीत झालं. चव्वेचाळीस इंचांचा माणूस सोळा बाय चौदाच्या खरखरीत चौकटीतून घाईघाईनं बाहेर पडला तर त्याच्या अंगावर काय दिसेल? डॉक्टर म्हणाले, दोन्ही कुशींवर, पाठीवर आणि दंडांवर खरचटल्याच्या खुणा दिसतीलच. आणि आरोपीच्या अंगावर काय दिसलं? डॉक्टरांनी स्वतःचाच अहवाल दोनदा वाचला. मग म्हणाले, "काहीच नाही."

"हरकत आहे!" सरकारी वकील उठले. "हे सगळं बचाव पक्षाला इतकं बारकाईनं कसं ठाऊक?"

"अभ्यास," साहेब म्हणाले आणि खाली बसले. बसताना त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं, पण ते चिमणीशिवाय कुणी ऐकलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. न्यायाधीशांनी "निर्दोष" म्हटलं, तेव्हा घड्याळजी हललाच नाही. पिंजऱ्याचं दार उघडलं, तरी तो आतच उभा.

"अरे, ये बाहेर," साहेब त्याच्याजवळ जाऊन म्हणाले. "संपलं सगळं. घरी जायचं आता."

घड्याळजीनं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मग कोर्टाच्या भिंतीकडे बोट दाखवून तो हळूच म्हणाला, "ते घड्याळ चार मिनिटं मागे आहे, साहेब. पंधरा महिने बघतोय. जरा स्टूल मिळेल का?"

शिपायानं स्टूल आणलं. सरकारी वकिलांनी ते धरलं. घड्याळजीनं वर चढून काटा चार मिनिटं पुढे केला, आणि न्यायाधीश उठून आत जायचे ते तोवर बसून राहिले.

त्या रविवारी साहेब किती तरी दिवसांनी पोटभर जेवले आणि आरामखुर्चीत पाय पसरून बसले. अंगावरच्या खपल्या पडून गेल्या होत्या, मनावरचं ओझं उतरलं होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात अग्निशामक दलाचा मिशीवाला प्रमुख, टोपी हातात घेऊन.

"साहेब, विनंती होती. पुढच्या महिन्यात आमच्या नव्या जवानांचं प्रात्यक्षिक आहे. मैदानात भिंत बांधलीय, खिडकी ठेवलीय. अडकायला माणूस मिळेना! बारीक माणसं पार जातात आणि जाड माणसं अर्धीच येतात. तुमच्यासारखं नेमकं मापाचं कुणी..."

बॅरिस्टरसाहेब उठून उभे राहिले. घसा साफ केला. चौतीस वर्षांच्या वकिलीचा सगळा दरारा आवाजात आणून त्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं...

"किती वाजता पाठवू?" आतून सिस्टरनं विचारलं.