काकांनी सोडलेली चूक

कवितेतलं झाड चुकीच्या महिन्यात फुललं, की आमच्या शेजारच्या वासुदेवकाकांचं पित्त खवळतं. जन्मभर कृषी खात्यात राहून राळेगाव तालुक्याचे बांध तुडवले. आता निवृत्त झाले, तर कटकट माझ्या डोक्याशी. मी शाळेत शिकवते. पोरांनी भित्तिपत्रकासाठी लिहिलेल्या कविता घरी आणल्या, की काका लाल पेन घेऊन हजर.

"'पळसफुलांचा सुगंध दरवळे.' हे कोनं लिहिलं? पळसाले वास राह्यते काय, मॅडम? त्याले म्हणा, हुंगून ये, मंग लिही."

एका पठ्ठ्यानं सोयाबीनच्या सावलीत झोप काढली होती. काकांनी समासात लिहिलं, 'ससा झोपेल. तू कसा मावशील?'

"अहो काका, कविता आहे ती, पीकपाहणी नाही," मी एकदा वैतागून म्हटलं.

"म्हणून काय खोटं लिहावं?"

यापुढे बोलण्यात अर्थ नसतो. मी मुकाट्यानं चहा टाकते.

अशा माणसाला तडजोड ठाऊक नसते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, वंदनानं, आपल्या पसंतीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. "या घराचं दार तुले बंद," काका म्हणाले, आणि म्हणाले म्हणजे म्हणालेच. पुढं काकू गेल्या तेव्हा वंदना आली आणि अंगणातूनच परत गेली. काकांनी तिला आत ये म्हटलं नाही. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता. अजूनही तो पुरता गेलेला नाही.

परवा गठ्ठ्यात सहावीतल्या एका मुलीची कविता निघाली. तिच्या शेवटच्या ओळी होत्या:

'गळालं पान, वाऱ्यावर दूर गेलं,
चैत्रात पुन्हा आपल्याच फांदीला आलं.'

आता या पोरीची काही धडगत नाही, असं म्हणत मी कागद पुढं केला. काकांनी वाचलं. परत वाचलं. मग पेनाला टोपण लावलं.

"काका, गळालेलं पान परत फांदीला लागतं का?"

"नाही लागत."

"मग खोडा की."

"राहू द्या. झाडाले वाटत असन ना तसं."

मग काका कागदाकडे बघतच म्हणाले, "याचा फोटो वंदीले धाडता काय? तुमच्या फोनवरून."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. दहाही आकडे न अडखळता सांगितले.

"सोबत काय लिहू?"

"काही नको. बाबानं धाडली, एवढंच."

कपातला चहा निवायच्या आत उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, 'बाबा, रविवारी येऊ का?'

काका कागदाची घडी घालायला लागले. ती काही केल्या नीट पडेना.

"तिले लिहा," ते म्हणाले, "आपल्या घरी यायले कोनी विचारते काय?"