वायफायची आवक-जावक

सावेडीतल्या एडविन भिंगारदिवे यांच्या घरात वायफाय येऊन तीन वर्षं झाली होती. पण त्यातून काय आत येतं आणि काय बाहेर जातं, याची कुठेही नोंद नव्हती. तालुक्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला ही बेशिस्त पाहवेना. त्यांनी इंटरनेट कंपनीच्या रुपालीला बोलावून घेतलं.

"काका, सोपं आहे," राउटरची सेटिंग उघडून रुपाली म्हणाली. "माहितीचं प्रत्येक पाकीट इथे तपासलं जातं. नियम वरून खाली वाचायचे. जो पहिला लागू पडेल तो चालतो. कशातच बसलं नाही, तर शेवटचा नियम: सर्व नामंजूर."

"म्हणजे आमचीच कचेरी की!" काका गहिवरले.

आठवडाभर बसून त्यांनी एक्केचाळीस नियम केले. चर्चच्या प्रार्थनेला परवानगी, बँकेला परवानगी, बायकोच्या, म्हणजे दीनाकाकूंच्या, मालिकेला सशर्त परवानगी. शेवटी 'सर्व नामंजूर' लिहिलं. आणि फायलीत ताजा कागद वरच लावायचा असतो, म्हणून तो नियम सगळ्यांच्या वर लावला.

घर ठप्प झालं. राउटरच्या सेटिंगचं पानसुद्धा उघडेना, कारण तेही 'सर्व'मध्येच आलं.

त्यांची मुलगी आराधना हिची अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षं घरी बसल्यावर आलेली ही पहिलीच. तिच्या मोबाईलचा रिचार्ज संपलेला, आणि रिचार्ज करायला वायफाय हवं.

"पप्पा, राउटरच्या मागच्या भोकात टाचणी दाबली की सगळे नियम जातात!"

"मंजूर नियम टाचणीने रद्द होत नाहीत. अर्ज कर. मुलाखतीचं पत्र जोड."

"पत्र मेलवर आहे."

"मग मेल उघड."

"मेल बंद आहे ना!"

"मग अर्ज अपूर्ण," म्हणत काकांनी शेराही मारला.

अकराला दहा मिनिटं उरली. आराधना रडायला लागली, तशा मूळच्या बेलापूरच्या दीनाकाकू स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. "अहो, पोरगी आपलीच हाय ना? तिचं काम अडवून तुमाला काय मिळनार हाय?"

काकांनी दार लोटून घेतलं. खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, हॉटस्पॉट चालू केला आणि हळूच तिच्या हातात ठेवला. "आपल्या माणसाला नियम दाखवायचे नसतात," ते कुजबुजले. "फक्त बाहेर बोलू नकोस."

मुलाखत छान चालली असतानाच वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अजिनाथ खाली आला. याच वायफायच्या भरवशावर त्याने रिचार्ज केला नव्हता, आणि परीक्षेच्या फॉर्मची मुदत बाराला संपत होती. काकांनी त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नियम वाचून दाखवले. "नियम सर्वांना सारखे. सोमवारी या."

आराधनाची निवड झाली. अजिनाथचा फॉर्म राहिला.

काकांचा राग आला ना तुम्हाला? येणारच. फक्त एक सांगा: मागच्या खेपेला दाखला काढायचा होता, तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी तुम्ही कुणाला फोन केला होता?