टाळूचं माप

तपासणीला समिती येणार म्हणून दातांच्या कॉलेजात विभागप्रमुख सरांनी फर्मावलं, "सगळं चकाचक हवं." सफाईच्या मावशींनी ते फारच मनावर घेतलं आणि थिसिसचे ऐंशी प्लास्टरचे साचेही साबणाने घासून काढले. चाळीस पेशंटच्या टाळूचे साचे. प्रत्येकाचा एक दातांना तारा लावण्याआधीचा, एक तारा काढून वर्ष झाल्यावरचा. कुठला कधीचा, ते बुडाशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. होतं.

थिसिस जिचा, त्या शिकाऊ डॉक्टरणीने एकेक साचा उलटून बूड पाहिलं. थिसिस द्यायला आठवडा उरला होता, सरांची सही बाकी होती.

"जोड्या नाही हं मोडल्या, मॅडम. ज्याच्या त्याच्या डब्यातच ठेवल्यात," मावशी म्हणाल्या.

मग काय अवघड? दात वाकडे तो आधीचा, सरळ तो नंतरचा. तिने टाळूची रुंदी मापली. चाळीसच्या चाळीस जणांची टाळू ऐसपैस झालेली. सर इतके खूश झाले, की तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिचं नाव आठवलं.

सहीच्या दिवशी सकाळी कपाटामागे जुनं रजिस्टर सापडलं. साचा ओतला तेव्हाची तारीख आणि माप, सगळं त्यात. तिने ताडून पाहिलं. चौतीस जोड्या बरोबर, सहा उलट्या. या सहा जणांचे दात आधीच बरे होते, उपचारांनंतर वाकडे झाले. टाळूही आक्रसलेली.

"रजिस्टर चुकलंय," सर म्हणाले.

"अक्षर तुमचंय, सर."

"पेशंट कुणाचे?"

"तेही तुमचेच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं लिही. तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून दिलेली प्लेट या सहा जणांनी वापरलीच नाही."

"विचारायचं का त्यांना?"

"सही हवीय ना तुला?"

तिने मान खाली घालून लिहिलं, पान छापून आणलं.

मावशी फडकं पिळत होत्या. "त्या सहांत माझी लेक पण असेल ना, सर? ती तर जेवतानासुद्धा प्लेट काढत नाही. तुम्हीच दम दिलेला. हसताना तोंडावर हात धरते, तेवढंच."

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

सरांनी शाईच्या पेनाने थिसिसवर झोकदार सही ठोकली.

"बरं," मावशी म्हणाल्या आणि ओल्या फडक्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढलं. थिसिससकट.