आनंदाची तिसरी प्रत

माणसाला एखादी गोष्ट करताना मजा येऊ लागली, की ती मजा बेवारस सोडून चालत नाही. गाडीला परवाना लागतो, जन्माला दाखला लागतो, मेल्यावर तर दोन लागतात. मग मजेनंच असं काय पुण्य केलंय की तिनं मोकाट हिंडावं? नोंदणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या हेडक्लार्कांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीसुद्धा निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या हातून विनानोंद मजा घडली, हे मात्र खरं.

झालं असं, की लेकीनं त्यांना मऊ पेस्टलची पेटी भेट दिली. अठ्ठेचाळीस रंगीत खडू, प्रत्येक आपापल्या खाचेत निजलेला. (बाबांनी दिवसभर आईच्या मागे मागे फिरून स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक देऊ नयेत, एवढाच लेकीचा हेतू होता.) जवळच्या छंद मंडळात पेस्टलचा वर्ग नुकताच निघाला होता. हेडक्लार्क इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी काखेत मारून तिथं हजर झाले.

वर्ग घेणाऱ्या बाई आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून बाहेर पडलेल्या, आणि अजिबात शिस्त न उरलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी हेडक्लार्कांचा कोरा निळा खडू उचलला आणि कट्टकन मधोमध मोडला. हेडक्लार्कांच्या काळजात चर्र झालं.

"अख्खा खडू धरलात ना, की माणूस लिहायला बसतो," बाई म्हणाल्या. "मोडका धरा, आडवा धरा, आणि घासा. आधी गडद, मग उजळ. रोज दहा मिनिटं, एकच वस्तू. मजा आली तर अकरावं मिनिट. नाही आली तर उठा आणि फिरायला जा. रविवारी सुट्टी."

"आणि अभ्यासक्रम?" हेडक्लार्कांनी वही उघडत विचारलं.

"सांगितला की."

हेडक्लार्कांनी घरातली चहाची किटली निवडली, कारण ती हलत नव्हती. पहिल्या दिवशी किटलीचं बदक झालं. चौथ्या दिवशी बदकाला कान फुटला. नवव्या दिवशी त्यांनी नाक खाजवलं, मग कपाळ, आणि आरशात स्वतःचं निळं तोंड बघून ते इतक्या मोठ्यानं हसले की बायको हातातली परात टाकून धावत आली. तिनं हे हसणं गेल्या अकरा वर्षांत ऐकलेलं नव्हतं. आधी तिला वाटलं, कुणीतरी पाहुणे आलेत.

सव्विसाव्या दिवशी किटली किटलीसारखी झाली. बुड जड, तोटी ऐटीत, झाकणावर खिडकीचा उजेड. हेडक्लार्कांनी कागद बायकोपुढे धरला आणि श्वास रोखून उभे राहिले. तिनं मान तिरकी करून बघितलं.

"किटली छानच झालीये हो. पण वाफ गार आहे."

"गार?"

"म्हणजे धूर वाटतोय. हात धरला तर चटका नाही बसायचा."

त्या घटकेपासून हेडक्लार्कांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बायकोनं "बाई गं, गरम आहे" असं म्हणावं अशी वाफ. बढतीसाठीही त्यांचा जीव असा कधी टांगणीला लागला नव्हता.

इकडे मंडळात गंभीर परिस्थिती उद्भवली होती. वर्गातले अकराच्या अकरा सदस्य सुधारले होते. शिंपीकाकांचे पेरू गोल झाले होते. पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशींच्या सावल्या चक्क जमिनीला टेकू लागल्या होत्या. आणि या सुधारणेचा एकही कागद मंडळाच्या दप्तरी नव्हता! मंडळाचे अध्यक्ष व्यवसायानं दंतवैद्य. त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"दात दुखत नसला तरी सहा महिन्यांनी दाखवावा लागतो," ते म्हणाले. "मग मजा येतेय, एवढ्यावरून ती मजा निरोगी आहे असं आपण कसं समजायचं?"

बाई यावर उत्तर देऊ शकल्या असत्या, पण त्या खिडकीत बसून अध्यक्षांच्या टकलावरचा उजेड काढत होत्या. 'आनंददायी सराव योजना' एकमतानं मंजूर झाली, आणि चिटणीस कोण, हा प्रश्न विचारायच्या आधीच सगळ्यांच्या माना हेडक्लार्कांकडे वळल्या. हेडक्लार्कांना ओशाळल्यासारखं झालं, पण आतून गुदगुल्याही झाल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना शिक्का देत होतं.

त्यांनी एका आठवड्यात नमुना आ-१ तयार केला. तो इतका सर्वांगसुंदर होता की त्यातले काही रकाने इथं दिल्यावाचून राहवत नाही:

१. सरावापूर्वी अपेक्षित आनंद (दहापैकी).
२. प्रत्यक्ष झालेला आनंद (दहापैकी).
३. वरील दोहोंत तफावत असल्यास कारणे व जबाबदार व्यक्ती.
७. आनंद सरावामुळे झाला की सराव संपल्यामुळे? (लागू नसेल ते खोडावे.)
९. प्रत्येक खडूची शिल्लक लांबी, मिलिमीटरमध्ये.
१२. 'आनंद झाल्याचे समक्ष पाहिले' — घरातील साक्षीदाराची सही.

नमुना तीन प्रतींत भरायचा. पहिली मंडळाला, दुसरी मंडळाच्या वरच्या महामंडळाला, आणि तिसरी साक्षीदाराच्या ताब्यात. छापखान्यात त्या दिवशी गुळगुळीत कागद संपला होता, म्हणून नमुने जाड, करड्या, खरखरीत कागदावर छापून आले. कलम चार असं, की नमुन्यावर रंगाचा डाग पडल्यास तो रद्द समजावा. कलम पाच असं, की नमुना ताज्या आनंदात, म्हणजे त्या दहा मिनिटांतच भरावा.

आता कुणी खवचटपणे विचारेल, की मऊ पेस्टल हातात धरून डागाशिवाय नमुना कसा भरायचा? सोपं आहे. पेस्टल हातात धरायचा नाही. शिवाय नमुना भरायला हेडक्लार्कांसारख्या निष्णात माणसालाही एकोणीस मिनिटं लागत, म्हणजे रोजच्या सरावाला उणे नऊ मिनिटं उरत. पहिल्या आठवड्यात हेडक्लार्कांनी हातमोजे घालून बघितले. दुसऱ्या आठवड्यात खडू पेटीतच राहू दिले. "आज नमुना उरकतो, वाफ उद्या," असं ते रोज स्वतःला सांगत, आणि मग दोन प्रती घेऊन दुपारी तासाभरासाठी मंडळात जात.

निकाल डोळे दिपवणारे आले. योजनेपूर्वी सदस्यांचा सरासरी आनंद, तोंडी चौकशीनुसार, पाच पूर्णांक दोन होता. कारण कुणाचा पेरू बिघडे, कुणाची सावली तरंगे. योजनेनंतर तो नऊ पूर्णांक चारवर गेला. न काढलेल्या चित्रात चूक निघत नाही, हे एवढं साधं तत्त्व चित्रकलेच्या इतिहासात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अध्यक्षांनी आलेख मोठा करून भिंतीवर लावला. भिंतीवरची चित्रं त्यासाठी काढावी लागली.

बाईंना मात्र योजनेतून वगळण्यात आलं. त्यांच्या नमुन्यावर ठसेच ठसे असत, आणि त्यांनी समक्ष तीन खडू मोडल्याची नोंद होती. जाताना त्यांनी हेडक्लार्कांना विचारलं, "वाफेचं काय झालं?"

"काम प्रगतिपथावर आहे," हेडक्लार्क म्हणाले. त्या रात्री त्यांना नीट जेवण गेलं नाही, हे कुठल्याही रकान्यात बसत नसल्यामुळे नोंदवायचं राहिलं.

एक बारीकशी अडचण होती. इतर सदस्यांचे खडू महिनोन् महिने एक मिलिमीटरही कमी झाले नाहीत, त्याबद्दल त्यांचं जाहीर कौतुकही झालं. पण खुद्द चिटणिसांचे खडू झिजत होते. निळ्याचा उरलेला तुकडा तीसवरून चोवीसवर आला, मग सतरावर. हेडक्लार्कांनी 'ऋतुमानानुसार आकुंचन' असं लिहिलं. पांढरा तर ऐंशीव्या दिवशी संपलाच, आणि एक्क्याऐंशीव्या दिवशी पुन्हा पासष्ट मिलिमीटर झाला. (नोंद: पुनर्वाढ. कारण अज्ञात, परंतु स्वागतार्ह.) एकदा सही करताना बायकोच्या करंगळीला नारिंगी रंग दिसला, तेव्हा दक्ष चिटणीस या नात्यानं त्यांनी तिला हात धुऊन यायला सांगितलं. कलम चार सगळ्यांना सारखं.

वर्ष भरलं. आठवड्याचे सहा दिवस, असे तीनशे बारा नमुने झाले. 'सर्वोत्कृष्ट आनंदी सदस्य' ही ढाल हेडक्लार्कांना मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं. फक्त महामंडळाचे तपासनीस घरी येऊन तिसऱ्या प्रती ताडून बघणार होते.

तपासनीस आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले, आपला रूळ आपणच घेऊन फिरणारे. सोबत अध्यक्षही होते. हेडक्लार्कांनी नवा शर्ट घातला होता.

"तिसऱ्या प्रती?"

"अगं, प्रती आण गं," हेडक्लार्कांनी हाक मारली.

बायको चादरींच्या कपाटातून एक गठ्ठा घेऊन आली. प्रत्येक दोन नमुन्यांच्या मध्ये जुनं वर्तमानपत्र घातलेलं. तिनं तो टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसत बाजूला उभी राहिली.

तपासनिसांनी पहिला नमुना बघितला, मग सवयीनं उलटा केला. मागच्या बाजूला एक निळं बदक होतं. दुसऱ्याच्या मागे दोन बदकं, एक आडवं. हेडक्लार्कांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. चौतीस वर्षांच्या नोकरीत कागदाला मागची बाजू असते, असा संशयही त्यांना कधी आला नव्हता.

तपासनीस उलटत गेले. चाळिसाव्या नमुन्यामागे किटली होती. शंभराव्यामागे किटली टेबलावर नीट बसली होती. दोनशेच्या पुढे खिडकी आली, खिडकीतला उजेड आला, तोटीतून वाफ निघाली, गार. मग धूर कमी कमी होत गेला. तीनशे बारावा नमुना उलटल्यावर तपासनिसांनी आधी हात मागे घेतला, आणि मग चष्मा काढून पुसला.

"बाई गं," अध्यक्ष म्हणाले. "गरम आहे."

"हे कुणी काढलं?" तपासनिसांनी विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "हे दुपारी मंडळात जायचे तेव्हा. पांढरा संपला म्हणून एक आणून ठेवला मी."

"पण का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"अहो, तुम्ही रोज सही घ्यायचात ना, 'आनंद झाल्याचे समक्ष पाहिले' म्हणून? मला काही दिसायचंच नाही. तुम्ही आपले पट्टी घेऊन खडू मोजताय. खोटी सही करायची माझ्या जिवावर यायचं. म्हटलं, घरात कुणाला तरी झाला पाहिजे, म्हणजे सही खोटी नाही ठरायची."

तपासनिसांनी बराच वेळ विचार करून निर्णय दिला. तो पुढीलप्रमाणे: सदर महिलेची सुधारणा निर्विवाद आहे. तथापि तिच्या नावे एकही नमुना नसल्याने तिला आनंद झालेला नाही. चिटणिसांच्या नावे तीनशे बारा नमुने आहेत, परंतु त्यांवर रंगाचे डाग असल्याने कलम चारनुसार ते सर्व रद्द होत आहेत. सबब, या घरातील दोघांचा मिळून वर्षभराचा आनंद शून्य. ढाल शिंपीकाकांना जाईल. (योजना लागू झाल्यापासून शिंपीकाकांनी पेटी उघडलीही नव्हती.)

पाहुणे गेले. हेडक्लार्क टेबलाशी बसून राहिले. त्यांनी तो शेवटचा कागद पुन्हा हातात घेतला. पोटात असूया होती, ती त्यांनी नाकारली नाही. पण असूयेपेक्षा मोठं काहीतरी वर येत होतं, आणि ते होतं हसू. वर्षभराचा आनंद शून्य! आणि पांढऱ्याची पुनर्वाढ! ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बायकोही हसली, आधी तोंडावर हात ठेवून, मग न ठेवता.

"ही गरम कशी केलीस गं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"पांढऱ्याखाली जरासं नारिंगी घासलंय. करंगळीनं. रोज घासता घासता एक दिवस चुकून झालं."

हेडक्लार्कांनी हातमोजे कचऱ्यात टाकले. निळा खडू उचलला. जेमतेम अकरा मिलिमीटर उरला होता, मोडायलाही जागा नव्हती. त्यांनी शेजारचा जांभळा घेतला, डोळे मिटले आणि कट्टकन मोडला. मग एक कोरा नमुना उलटा करून घासायला बसले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. शर्टाचं वाटोळं झालं. अखेर त्यांनी कागद बायकोपुढे धरला.

तिनं मान तिरकी करून बघितलं, हात वाफेवर धरून बघितला.

"कोमट," ती म्हणाली.

"कोमट?"

"उद्या बघू."

ही हकिगत इथं संपली असती, पण दप्तर पूर्ण करण्यासाठी एक नोंद आवश्यक आहे. हे सगळं वाचायला वाचकाला साधारण दहा मिनिटं लागली असतील, म्हणजे बरोबर एका किटलीचा वेळ. वाचताना आपण हेडक्लार्कांना एक-दोनदा हसलातही. आता कपाटाच्या वरच्या फळीवरची ती पेटी खाली काढा. हो, तीच, वाढदिवसाला मिळालेली, मोठ्या हौसेनं ठेवलेली. खडू मोजा. सगळे पूर्ण लांबीचे आहेत ना? मग अभिनंदन. रकाना नऊमध्ये आपल्याला पैकीच्या पैकी गुण आहेत, आणि पुढच्या वर्षीची ढाल आपल्या नावे राखून ठेवली आहे.