गुणफलकाखालचा उपदेश

वचन देणे हे पुण्यकर्म आहे. परंतु ज्याची कळ आपल्या हाती नाही अशा गोष्टीविषयी वचन देणे हे साहस आहे, आणि साहसाची परीक्षा बहुधा पहिल्याच दिवशी होते. पाळकसाहेबांनी असेच एक वचन लेखी देऊन ठेवले होते.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने जुने, अंधारे उपासनालय सोडून नवी वास्तू बांधली, ती बहुउपयोगी. रविवारी उपासना, उरलेले सहा दिवस खेळ. गुळगुळीत लाकडी जमीन, घडीच्या खुर्च्या, दोन्ही टोकांना बास्केटबॉलच्या जाळ्या आणि व्यासपीठामागच्या भिंतीवर उंच विजेचा गुणफलक. सगळी मंडळी हरखून गेली होती. हरखले नव्हते ते एकच गृहस्थ : मंडळीतले ज्येष्ठ, निवृत्त ग्रंथपाल. बत्तीस वर्षे 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळे शांतता हा त्यांचा दुसरा श्वास झाला होता. त्यांनी अट घातली की पहिल्या उपासनेत खेळाचा एक जरी आवाज कानी पडला, तर जाळ्या उतरवायच्या आणि सहा दिवस कुलूप. पाळकसाहेबांनी हसत सही केली. उपासनेच्या वेळी तिथे खेळणार कोण, असा त्यांचा सरळ विचार.

ही अट सर्वांत जड गेली ती मंडळीच्या वायरमनला. तो ग्रंथपालांचा जावई. त्याची मुलगी मुलींच्या संघाची कर्णधार, आणि त्या संघाला दोन वर्षे खेळायला जागा नव्हती. सोमवारी संध्याकाळी नव्या सभागृहात त्यांचा पहिला सराव ठरला होता. रविवार निर्विघ्न पार पडावा, एवढेच त्या बापाचे मागणे होते.

रविवारी अर्धा तास आधीच सगळ्या खुर्च्या भरल्या. नव्या रंगाचा वास, नवे कपडे, नवी कुजबुज. उपासनेला दहा मिनिटे उरली असताना लक्षात आले, की गीतांच्या क्रमांकांची लाकडी पाटी टांगायला भिंतीला खिळाच नाही. आणि त्या मऊ आच्छादनाच्या भिंतीत खिळा ठोकायला कंत्राटदाराची सक्त मनाई. पाळकसाहेबांनी वर पाहिले.

"एवढे आकडे डोक्यावर असताना आपण खिळा कसला शोधतोय?" ते म्हणाले.

वायरमनने 'यजमान' या शब्दाखाली सत्याऐंशी आणि 'पाहुणे' या शब्दाखाली एकशे बेचाळीस लावले. परंतु खेळ सुरू केल्यावाचून आकडे टिकत नव्हते, म्हणून पहिले गीत सुरू होताना त्याने तेही बटण दाबले. आकडे झळकले. त्यांच्याखाली एक घड्याळही झळकले : चाळीस मिनिटे. मग एकोणचाळीस मिनिटे, एकोणसाठ सेकंद.

तेव्हा कुठे त्याने माहितीपुस्तिका उघडली. खेळ मध्येच थांबवला, तर छोटा भोंगा. वेळ संपली, तर मोठा भोंगा. वीज तोडावी, तर मुख्य कळ कुलूपबंद खोलीत. खोलीची किल्ली पाळकसाहेबांच्या झग्याच्या खिशात. आणि झगा पाळकसाहेबांच्या अंगावर, व्यासपीठावर. तो पाळकीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकला.

"शून्यावर काय होतं?" बाईंनी ओठ न हलवता विचारले.

"भोंगा वाजतो."

"केवढा?"

"पलीकडच्या गल्लीतले लोक घड्याळं लावतील एवढा."

"आणि यांचा उपदेश अर्ध्या तासाखाली कधी संपत नाही."

"तुम्हीच काहीतरी खूण करा ना, बाई."

"वीस वर्षं खोकतेय. त्यांना वाटतं मला दमा आहे."

वायरमनने चिठ्ठी लिहून पुढे पाठवली. पाळकसाहेबांनी ती प्रेमाने घेतली आणि न उघडता बायबलमध्ये ठेवली. प्रार्थनेच्या विनंत्या अशाच चिठ्ठ्यांतून येत, आणि त्या वाचायची वेळ उपदेशानंतरची.

उपदेशाला आरंभ झाला तेव्हा घड्याळात एकतीस मिनिटे होती. भोंग्याची वार्ता तोवर खुर्चीमागून खुर्चीला कळत सर्वत्र गेली होती. पाळकसाहेबांनी समोर पाहिले आणि ते स्तिमित झाले. आजवर त्यांनी झुकलेल्या, डुलणाऱ्या माथ्यांना उपदेश केला होता. आज तीनशे चेहरे वर उचललेले, डोळ्यांत तेज, आणि सर्वांची दृष्टी त्यांच्या मस्तकाच्या किंचित वर खिळलेली. तिथे प्रत्यक्ष स्वर्ग उघडला असावा, असे त्यांना वाटले, आणि त्यांची वाणी अधिकच विस्तारली.

एकोणीस मिनिटे उरली असताना ते म्हणाले, "आता दुसरा मुद्दा." सभेतून एक दीर्घ निःश्वास उमटला. तो त्यांनी पश्चात्तापाचा मानला. चार मिनिटांवर त्यांनी "शेवटी" हा शब्द उच्चारला मात्र, सगळी मुखमंडले उजळली. त्या आनंदाने ते इतके भारावले, की त्यांनी एक दृष्टांत वाढवला. अखेर एक मिनिट दहा सेकंदांवर त्यांनी ग्रंथ मिटला.

"डोळे मिटून प्रार्थना करू या."

आता मंडळी खरी पेचात सापडली. डोळे मिटावेत तर घड्याळ दिसत नाही, उघडावेत तर प्रार्थनेचा अवमान होतो. बहुतेकांनी एक डोळा देवाला दिला. पाळकसाहेब विटा, वाळू, गवंडी, सुतार यांच्यासाठी क्रमाने आभार मानू लागले. खुर्ची कुरकुरत नव्हती, कोणी श्वास घेत नव्हते. वायरमनला समोर फक्त सासऱ्यांची ताठ मान दिसत होती. दहा. आठ. पाळकसाहेब रंगाऱ्यापर्यंत आले होते. पाच.

तीन सेकंद उरले असताना ग्रंथपाल काठी टेकून उभे राहिले आणि बत्तीस वर्षे राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "आमेन."

त्यावर तीनशे कंठांतून जो आमेन निघाला त्याने छप्पर दणाणले. भोंगा त्याच क्षणी वाजला. परंतु तो थांबेपर्यंत कोणीही आमेनमधला शेवटचा 'न' सोडला नाही.

"हा नाद कसला होता?" खाली उतरताना पाळकसाहेबांनी सद्गदित होऊन पत्नीला विचारले.

"मंडळीचा," त्या म्हणाल्या, आणि बायबलमधली चिठ्ठी त्यांनी हळूच काढून घेतली.

बाहेर पायऱ्यांवर जावई मान खाली घालून सासऱ्यांपुढे उभा राहिला.

"बाबा, भोंगा वाजला. माझ्यामुळे वाजला."

"मी बहिरा नाही, जावईबापू. आमेन झालं की उपासना संपते. भोंगा त्यानंतर वाजला. अट उपासनेपुरती आहे, आणि ती मीच लिहिली आहे."

म्हाताऱ्याने आतल्या रिकाम्या होत चाललेल्या सभागृहाकडे काठी रोखली.

"बत्तीस वर्षं लोकांना शांतता राखा म्हणत आलो. पण शेवटच्या मिनिटाला आत होती तशी शांतता मला एकदाही मिळाली नाही." मग बापाशेजारी उभ्या असलेल्या नातीकडे वळून त्यांनी विचारले, "उद्या किती वाजता?"

"साडेपाच, आजोबा."

"बघणाऱ्यांना खुर्ची मिळते ना?"

पाळकसाहेब अजूनही समजतात, की त्या दिवशी त्यांच्या मुखातून देव बोलला. कदाचित तसे असेलही. त्यांना उलगडा न करणाऱ्या त्या तीनशे जणांचे, त्या मुलींचे आणि आपलीच अट इतक्या प्रेमाने वाचणाऱ्या त्या वृद्धाचे कल्याण असो.