सुटणाऱ्या बकलांचा तपास

"या गावात खरं-खोटं ओळखणारी माणसं दोनच," आमचे हे म्हणत. "एक मी, आणि दुसरा चष्मा लावलेला मी." चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या कपाळावर असे आणि तो शोधायचं काम माझ्याकडे.

त्या काळी आम्ही घरीच कपाटं-पेट्या उचलायचे पट्टे शिवत असू. नायलॉनची लांब पट्टी, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला बक्कल. आकडे-बकलं ह्यांनी निवडून आणायची, शिवायचं माझ्या नणंदेने. सासर सोडून आल्यावर तिला मिळालेलं ते पहिलं स्वतःचं काम. त्यामुळे हमालांचा मुकादम पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी नणंदेकडे पाहिलं. बकलं सुटतात, म्हणाला. एक आरशाचं कपाट जिन्यावरच आपटलं होतं. शिवणारी बदला, नाहीतर काम दुसरीकडे देतो.

ह्यांचा चेहरा मात्र उजळला. आधी त्यांनी आकड्यांचा वास घेतला आणि हमालांच्या हाताला तेल असल्याचं जाहीर केलं. मुकादमाने हात पुढे केले. कोरडे ठणठणीत होते. मग एका डावखुऱ्या शत्रूने बकलं कानशीने घासल्याचं निष्पन्न झालं. घरात डावखुरी मीच. मी मुकादमासाठी पाणी आणायला गेले. परत येईस्तोवर संशय नणंदेवर गेला होता. भिंगाखाली सगळे टाके तपासले, एकही उसवलेला नव्हता.

"हीच तर तिची चलाखी," हे म्हणाले.

नणंद दोरा ओवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "दादा, बक्कल घेताना ताणून पाहिलंस ना?"

"दहा वेळा. दुकानदार कंटाळला."

"कशावर?"

"माझ्या कमरेच्या पट्ट्यावर. परक्या पट्ट्यावर मी विश्वास ठेवत नाही."

"काढ."

पट्टा सुती, जाडजूड, पंधरा वर्षं वापरलेला. त्यावर बक्कल घट्ट बसलं. आमच्या पातळ, गुळगुळीत नायलॉनवरून तेच बक्कल सर्रकन निघून आलं. नायलॉनला दातेवालं बक्कल हवं, एवढंच ती म्हणाली. मुकादमाने जरा विचार केला. यापुढे बकलं या बाईच निवडणार असतील, तर काम इथेच राहील, म्हणाला.

हे खाकरले. "गुन्हेगाराने कबुली दिली आहे. पहिलाच गुन्हा आहे, सोडून द्यावं."

सुती पट्टा नणंदेने पुरावा म्हणून ठेवून घेतला. बकलं बदलून आणायला निघताना ह्यांचे दोन्ही हात पँट धरण्यात गुंतले होते, म्हणून नमुन्याचा नायलॉनचा तुकडा तिनेच त्यांच्या खिशात घातला आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.